‘ळ’ची जागा

ताईच्या टाइपरायटरचा ‘ळ’ मोडला त्याला आता अकरा वर्षं होऊन गेली. बाकी मशीन ठणठणीत. फीत कितीदा बदलली, रोलर झिजला तोही एकदा नवा घातला, पण ‘ळ’ची दांडी अर्ध्यात तुटली ती तुटलेलीच. बटण दाबलं की कागदावर काही उमटत नाही, नुसती एका अक्षराची जागा सरकते. मग पान पुरं झालं की ताई कपाळावरचा चष्मा नाकावर आणते, पेन घेते आणि सुटलेल्या प्रत्येक जागेत हाताने ‘ळ’ भरते. वरच्या प्रतीवर भरायचा, मग कार्बनच्या दोन्ही प्रतींवर. कोर्टाचे अर्ज असोत, शाळेच्या परीक्षेचे पेपर असोत की धाकट्या भावाची नाटकं, सगळ्यांना हाच न्याय.

हा धाकटा भाऊ म्हणजे नाटककार. नाटककार तो बाहेर, ताईच्या दारात पाऊल टाकलं की नुसता ‘धाकट्या’. दिवसा पाणीपुरवठा कचेरीत कारकुनी करायची आणि उरल्या वेळात माणसं मारायची, म्हणजे नाटकात. त्याच्या एकाही नाटकातून सगळी मंडळी जिवंत घरी गेलेली नाहीत. त्याचं अक्षर इतकं गचाळ की नाटकमंडळीतलं कुणी ते वाचायच्या फंदात पडत नसे. ते लागायचं एकट्या ताईला. लहानपणी त्याच्या पाटीवर तिनेच ते गिरवून घेतलं होतं, तेव्हा दोष तिचाही होता म्हणा.

“ताई, ती दांडी तरी बसवून घे एकदाची,” तो वर्षातून एकदा म्हणायचा.

“कशाला? भुंग्या येईल तेव्हा बसवेल. रविवारी बसवतो म्हणाला होता.”

मग नाटककार खिडकीबाहेर बघायचा आणि आज ऊन फार आहे असं काहीतरी बोलायचा.

भुंग्या हा ताईचा एकुलता एक मुलगा. तोंड मिटून सतत गुणगुणायचा म्हणून भुंग्या. बाप लवकर वारला, तेव्हा आई टाइप करायची आणि मुलगा टाइपरायटर, शिलाईची मशीनं दुरुस्त करायचा, असं दोघांचं छान चाललं होतं. बाविसाव्या वर्षी तो घरातून बाहेर पडला, तो परत आला नाही. ज्या रविवारी तो दांडी बसवणार होता त्याच्या आदल्या गुरुवारची ही गोष्ट. त्या दिवशी मोठ्या चौकात मोर्चा होता आणि मोर्चावर गोळीबार झाला.

आता इथे एक गोष्ट सरळ सांगून टाकलेली बरी, कारण नाटककाराने ती अकरा वर्षं कुणालाही सरळ सांगितली नव्हती.

त्या दुपारी त्याच्या कचेरीतून तीन कारकून गाडीत घालून एका शाळेत नेले. शाळेच्या सभागृहात एकतीस माणसं ओळीने झोपवली होती. कारकुनांनी वहीत नोंद करायची होती: अनुक्रमांक, पुरुष की स्त्री, अंदाजे वय, कपडे, ओळख. नाटककाराच्या वाट्याला अकरा ते वीस आले. मागे एक अधिकारी हाताची घडी घालून उभा होता. ज्याची ओळख पटेल त्याच्या घरी संध्याकाळी गाडी जाते आणि घरातल्यांना घेऊन येते, हे आधीच्या गोळीबारांपासून गावभर झालं होतं. गेलेल्यांपैकी कुणी अजून परतलं नव्हतं.

सतरावा भुंग्या होता.

नाटककाराने लिहिलं: ‘सतरा. पुरुष. वय अंदाजे बावीस. पांढरा शर्ट, वरून दुसरं बटण निळं. अनोळखी.’ मग तो अठराव्याकडे सरकला. हात कापला नाही, शाई सांडली नाही. ह्याच गोष्टीसाठी त्याने स्वतःला कधी माफ केलं नाही. निदान हात तरी कापायला हवा होता, असं त्याला वाटायचं.

अंधार पडायच्या आत तो ताईकडे आला. सांगायचं ठरवूनच आला होता, जिन्यात दोनदा पुटपुटून पाहिलंही होतं. ताई दारातच उभी होती.

“ताई, भुंग्या गेला,” तो म्हणाला.

आपल्या भाषेत हा शब्द भलताच सोयीचा आहे. कोपऱ्यावर वाणसामान आणायला गेलेलाही गेला आणि जगातून गेलेलाही गेलाच.

“कुठे?” ताईने विचारलं.

तिने ‘कुठे’ विचारलं आणि त्याला पळवाट दिसली. त्या दिवसांत निम्मी तरुण पोरं नदी ओलांडून सीमेपलीकडे पळत होती.

“पलीकडे,” तो म्हणाला.

ताईने भिंतीला हात टेकला. मग तिचा जीव भांड्यात पडला आणि तोंड सुटलं. “मेला! न सांगता गेला? आईला तोंड दाखवून जायला काय झालं होतं? स्वेटरसुद्धा नेला नाही मेल्याने!”

तेव्हा नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. शब्द तिनेच तोंडात दिला होता. पण नाटककाराने वेळ मारून नेली. पाणी मागितलं, प्यायला आणि घरी गेला.

नऊ महिन्यांनी त्याने पहिलं नाटक लिहिलं. त्यात एका सभागृहात काही माणसं पडलेली असतात आणि एक कारकून त्यांची यादी करतो. कुठल्याही पात्राला नाव नव्हतं. पुरुष एक, पुरुष दोन, स्त्री एक. गावातल्या थोर समीक्षकाने यावर तीन रकाने खर्ची घातले. ह्या अनामिक पात्रांतून सबंध मानवजातीचं दुःख बोलतं, असा त्याचा निष्कर्ष होता. नाटककाराने तो लेख वाचला आणि घडी करून ठेवून दिला. मानवजात वगैरे त्याच्या ध्यानीमनीही नव्हती, त्याला यादी तशीच करायची सवय लागली होती.

पुढची नाटकंही अशीच काळाने हात धरून लिहून घेतली. संचारबंदी सातला सुरू व्हायची, म्हणून दुसरं नाटक एका अंकाचं झालं आणि त्याचे प्रयोग दुपारी चारला, खिडक्या उघड्या टाकून झाले. माणसं भर उन्हात रडायची आणि डोळे पुसून सातच्या आत घरी पोचायची. तिसऱ्याच्या वेळी मंडळीतले सहा नट एकतर तुरुंगात होते, नाहीतर पलीकडे. उरले तिघे. म्हणून मरणारा रंगमंचावर येतच नाही, त्याची खुर्ची तेवढी असते. समीक्षकाला ती खुर्ची फार आवडली. चौथ्याच्या वेळी सरकारी परीक्षण मंडळाने संहितेतून ‘गोळी’ काढली आणि ‘मारला’ जिथे जिथे होतं तिथे लाल रेघ मारली. मारला म्हटलं की कुणी मारला असा प्रश्न येतो, असं मंडळाचे साहेब समजावून म्हणाले. नाटककाराने सगळीकडे ‘गेला’ करून दिलं. प्रयोगात शेवटी आई विचारते, ‘कुठे?’ आणि कुणीच उत्तर देत नाही. लोक खुर्च्यांत गोठून बसायचे.

चारही नाटकांत आईचा मुलगा मरत होता. चारही ताईने टाइप केली. प्रत्येक वेळी नाटककार हस्तलिखित तिच्या टेबलावर ठेवायचा आणि वाटायचं, ह्या खेपेला तिला कळेल. ती वाचेल, मान वर करेल, विचारेल, आणि मग आपण सांगून टाकू. ताई मान वर करायची ती एवढंच म्हणायला: “धाकट्या, ‘अनोळखी’तला ‘नो’ आहे की ‘ना’? काय लिहितोस, देवाला ठाऊक.” मग टकटक चालू. मग पेन घेऊन ‘ळ’.

त्याला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटायची. मग तो पुढचं नाटक लिहायला घ्यायचा.

अकराव्या वर्षी सरकार पडलं. परीक्षण मंडळ बरखास्त झालं, लाल रेघवाले साहेब निवृत्त होऊन बाग करायला लागले. सहा महिन्यांनी, एका शुक्रवारी, सकाळच्या पेपरात चौकोनी जाहीर निवेदन आलं: त्या गुरुवारच्या नोंदवह्या सोमवारपासून नगरभवनात नातेवाइकांना पाहायला मिळतील.

नाटककाराने ते पुन्हा एकदा वाचलं. वही उघडणार. अकरा ते वीस. गावात ते अक्षर एकाच माणसाला लागतं, आणि ती सोमवारी तिथे जाणार. कारण जिची पोरं पलीकडे गेली अशी प्रत्येक आई, आपलं पोर त्यात नाही ना एवढं बघायला, जाणारच होती. मुलगा मेला हे तिला कळेल तेव्हा कळेल, पण त्याआधी एका नजरेत कळेल ते भावाचं अक्षर.

पाचवं नाटक त्याचं जवळजवळ झालंच होतं. ते त्याने त्या दिवशी कचेरीला दांडी मारून पुरं केलं. ह्यात काही झाकलं नव्हतं. शाळा होती, वही होती, कारकून होता, आणि शेवटी कारकून बहिणीच्या दारात येऊन म्हणतो, ‘त्याला मारला.’ संध्याकाळी त्याने ते ताईच्या टेबलावर ठेवलं.

“रविवारपर्यंत होईल?” त्याने विचारलं.

“घाई आहे?”

“आहे जरा.”

ताईने पानं चाळली, वजन करावं तशी हातात धरली. “सोमवारी मला बाहेर जायचंय,” ती म्हणाली. “त्याच्या आत देते.”

त्याने मान हलवली आणि काढता पाय घेतला. शनिवार त्याने कसा काढला हे सांगण्यात अर्थ नाही. रविवारी दुपारी तीनला तो गेला तेव्हा दार उघडंच होतं. टेबलावर तिन्ही प्रती टाचणी लावून ठेवल्या होत्या, मशीनवर कापडाचं आवरण घातलं होतं. ताई खुर्चीत बसली होती. तिचा चष्मा कपाळावरच होता.

“झालं?” त्याने विचारलं.

“माझं झालं. तुझं राहिलंय. बघ.”

त्याने पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. मग त्याला दिसलं. एकाही जागी ‘ळ’ नव्हता. ‘शा ेचं सभागृह.’ ‘गो ी.’ ‘अनो खी.’ पानापानांतून एकेका अक्षराची भोकं पडली होती.

“‘ळ’ नाही भरलास,” तो म्हणाला. हे बोलताना आपण किती मूर्ख दिसतो आहोत ते त्याचं त्यालाच कळलं.

“अकरा वर्षं मी भरले,” ताई म्हणाली. “आता तू भर. बस तिथे.”

तिने पेन पुढे सरकवलं. तो बसला. शेवटून तिसऱ्या पानावर सतराव्याची नोंद होती, जशीच्या तशी. त्याने ‘अनो’ आणि ‘खी’च्या मधे पेन टेकवलं, आणि शाळेत न कापलेला हात आता कापायला लागला. शाईचा ठिपका पडला.

“ताई,” तो म्हणाला, “सोमवारी तू नगरभवनात जाऊ नकोस. म्हणजे जा. पण त्याच्या आधी मला तुला…”

“बोल की.”

“भुंग्या पलीकडे नाही गेला. त्याला मारला. त्याच दिवशी. मी पाहिला त्याला. ओळखला, आणि वहीत अनोळखी लिहिलं. ते तुला घेऊन गेले असते ग. मला वाटलं, त्याला तर काही आता… पण तुला तरी… आणि खरं सांगू? मीही भ्यायलो होतो. मलाही नेलं असतं.”

मग ताईने हात पुढे केला, त्याच्या पुढ्यातलं पान स्वतःकडे ओढलं आणि बोट ठेवलं.

“हे निळं बटण,” ती म्हणाली. “हे त्या दिवशी सकाळी मी लावलं होतं. पांढरं मिळेना. माझ्या ब्लाउजचं एक काढलं आणि लावलं. तो म्हणाला, आई, लोक हसतील. म्हटलं, हसू देत, तुझ्याकडे बघायला कुणाला वेळ आहे. आणि असाच बाहेर पडला. त्याच्यानंतर ते बटण तू बघितलंस रे धाकट्या. त्या दिवशी तो बाहेर पडेपर्यंत घरी तर तू आला नव्हतास.”

नाटककाराला आता आठवलं. पहिल्याच नाटकात, पुरुष सातच्या वर्णनात, त्याने तो शर्ट लिहिला होता. बटणासकट. काही विचार करून नव्हे, यादी मनात होती ती हाताने उतरवली.

“म्हणजे पहिल्या नाटकापासून…”

“पहिल्या नाटकापासून. नऊ महिने मात्र तो पलीकडे आहे असं मी खरंच धरून बसले होते हां. स्वेटर धुवून ठेवला होता त्याचा. मग तू ते घेऊन आलास आणि म्हणालास, ताई, जरा टाइप कर.” ती थांबली. “मशीनवर बोटं आपोआप चालतात. डोकं दुसरीकडे ठेवता येतं. पण तो ‘ळ’ हाताने भरावा लागायचा. निळं, गोळी, अनोळखी. तिन्ही प्रतींवर. तेव्हा नाही रे डोकं दुसरीकडे ठेवता येत.”

“मग बोलली का नाहीस?” तो जवळजवळ ओरडलाच.

“मी बोलू?” आता ताईचा आवाज चढला. “मी का बोलू? पहिल्या वर्षी वाटलं, घाबरलाय बिचारा, आज सांगेल, उद्या सांगेल. मग तू दुसरं आणलंस, मग तिसरं. मग मला राग आला. म्हटलं, बघू तरी, हा बाबा तोंड उघडायच्या आधी नाटकं किती लिहितो! अरे, सगळ्या गावाला सांगितलंस तू. तिकीट काढून आले त्यांना सांगितलंस, त्या तीन रकानेवाल्याला सांगितलंस. चार वेळा माझा मुलगा मारलास आणि चारही वेळा माझ्याच हाताने टाइप करून घेतलास. घरात येऊन एकदा, ताई, असं झालं, एवढं नाही म्हणता आलं तुला?”

तो रडला. ताई रडली नाही, तिचं रडणं कधीच नऊ महिन्यांनंतरच्या त्या आठवड्यात, दार लावून, होऊन गेलं होतं. तिने फक्त पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला. अकरा वर्षांपूर्वी ठेवला होता तसाच.

तो प्यायला. मग तिने विचारलं, “कुठे?”

“काय?”

“तेव्हाही विचारलं होतं. कुठे नेलं त्याला?”

“दगडाच्या जुन्या खाणीत,” तो म्हणाला. “एकतीसही जणांना. निघताना त्यांनी वहीत शेवटी एक रकाना भरून घेतला होता, त्यात आहे.”

ताईने मान डोलावली. ह्या प्रश्नाचं उत्तर तिला कुठल्याच नाटकात मिळालं नव्हतं.

सोमवारी दोघं नगरभवनात गेली. रांग जिन्यापर्यंत होती. त्यांचा नंबर आला तेव्हा टेबलामागच्या बाईंनी जाड वही फिरवून पुढे केली. पानं पिवळी पडली होती. ताईने सतरावर बोट ठेवलं आणि नोंद सगळी वाचली, घाई न करता, शेवटच्या रकान्यापर्यंत.

“ओळख कोण पटवणार?” बाईंनी विचारलं.

“हा,” ताई म्हणाली. “त्यानेच लिहिलंय ते.”

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. एक छापील फॉर्म पुढे सरकवला. नाटककाराने त्यावर भुंग्याचं नाव लिहिलं, शाळेच्या दाखल्यावर होतं तसं, पूर्ण. वय लिहिलं. खाली पुढचा रकाना होता: ओळख पटवणाऱ्याचं मृताशी नातं. तिथे त्याचं पेन अडलं. मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरलं.

“लिही की,” ताई म्हणाली. “त्यात कुठे ‘ळ’ आहे?”

त्याने लिहिलं. बाईंनी फॉर्म घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरून पाहिला.

“हे काय लिहिलंय? लागत नाही.”

“मामा,” ताई म्हणाली. “त्याचं अक्षर मलाच लागतं.”